पासष्टचा बुधला

कोल्हार
१४ नोव्हेंबर १९७०

पुंजाराम दाजींना कारभारीचा रामराम.

तीन बाटल्या जामखेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या आहेत. औषधाच्या आहेत, तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतल्या. पांढरा दोरा बांधला आहे ती पासष्ट सालची, तांबडा दोरा सहासष्टची, काळा दोरा सदुसष्टची. बुचांवर मेण ओतलं आहे. तरी गाडी उन्हात उभी राहिली तर बूच उडेल का, हा घोर लागला आहे. द्राक्षारसाचा परवाना चर्चच्या नावाचा आहे, तुमच्या खर्ड्याचा नाही. स्टँडवर कोणी हुंगलं तर खोकल्याचं औषध म्हणा. पण खोटं बोलू नका. म्हणजे असं करा, कोणी विचारायच्या आत बाटल्या पिशवीत घाला.

पूर्वी बाटल्या न्यायला घरचं माणूस होतं. आता एसटी.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. थोरल्या फादरांनी त्रेपन्न साली माझ्या अर्ध्या एकरात भोकरी द्राक्षाचे वेल पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवले आणि द्राक्षारस करायला मला शिकवलं. चर्चच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या पूजेला, लागतो तो पांढरा रस. सत्तावन्न साली ते त्यांच्या देशाला परत गेले. जाताना म्हणाले, कारभारी, दर वर्षी एक काचेचा बुधला मेणाने बंद करून चर्चच्या तळघरात ठेव. दहा वर्षं ठेव. चांगला पांढरा रस म्हातारा होतो तसा शहाणा होतो. मात्र आंबला तर ओतून दे, आंबलेला रस वेदीवर चालत नाही. माझ्या गळ्यात माळ आहे, मी जिभेला लावत नाही. तुमच्या गळ्यात नाही आणि तुमची जीभ गावात नावाजलेली. म्हणून चाखणी तुमच्याकडे. सत्तावन्नपासून चौसष्टपर्यंतचे आठ बुधले तुम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षी "आंबलं" म्हणून लिहिलंत, मी ओतले. पासष्टपासूनचे मात्र तुम्ही "ठेवा" म्हणता, ते सहा ठेवले आहेत.

आता नवीन काय ते लिहितो. पुढच्या वर्षापासून रस बाहेरून बाटल्यांत येणार, असं नवे फादर म्हणतात. पण त्यांना थोरल्या फादरांची बुधल्यांविषयीची वही सापडली. मे महिन्यात पुण्याहून एक म्हातारे फादर येणार आहेत, त्यांना यातलं कळतं. एक जरी जुना बुधला टिकलेला निघाला तरी आपली बाग चर्च दहा वर्षांच्या कराराने रसासाठी धरणार. नाही तर आमचा गोरक्षनाथ वेल काढून बिनबियांची थॉम्पसन लावणार. सगळ्या कोल्हारात तेच चाललं आहे. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "आण्णा, मे पावतर थांबतो. तुमचा रस टिकला तर मी हात लावनार न्हाई."

तेव्हा नीट चाखा. जेवणाआधी चाखा. तंबाखू खाऊन चाखू नका.

कारभारी


खर्डा
२ डिसेंबर १९७०

कारभारी दादांना पुंजारामचा रामराम.

बाटल्या मिळाल्या. बूच उडालं नाही. स्टँडवर कोणी हुंगलं नाही. कंडक्टर एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचा खोकला दर सालच्या दिवाळीलाच कसा काय येतो?"

तिन्ही चाखल्या. जेवणाआधी. तिन्ही चांगल्या आहेत. ठेवा.

गावात माणूस नाही. दसरा झाला तसे गाड्या जुंपून सगळे कारखान्यांवर ऊसतोडीला गेले. आमचा बाबू आणि सूनबाई श्रीगोंद्याकडे आहेत. किल्ल्याच्या बाजूच्या आळीत मी, साळूबाई म्हातारी आणि दोन कुत्री. भाकरी माझी मीच थापतो. पहिल्यांदा नकाशा व्हायची, आता गोल होते.

तुमची बहीण कडू जाऊन या दिवाळीला तीन वर्षं झाली. तुमच्या पत्रात काही नव्हतं, म्हणून लिहावं की नाही असं झालं. लिहून टाकलं.

पुंजाराम


कोल्हार
२० डिसेंबर १९७०

दाजी, रामराम.

पत्र पावलं. मला झोप नाही.

तुमची जुनी पत्रं मी डब्यात ठेवली आहेत, ती काढून वाचली. एकसष्टच्या रसाबद्दल तुम्ही पहिल्या वर्षी लिहिलं होतं, "आधी लिंबाची साल, मग कच्चा मध, आणि गिळल्यावर खडीसाखर विरघळत राहावी तसं." मी चौथी नापास माणूस, पण ते वाचून मला न चाखता चव कळली होती. तिसऱ्या वर्षी त्याच रसाला तुम्ही लिहिलं, "दादा, गेलं. दात शिवशिवले. ओता." तेही कळलं होतं. आता तीन वर्षं तुम्ही नुसतं "चांगलं आहे, ठेवा" लिहिता. चांगलं म्हणजे काय? कशासारखं? म्हातारे फादर विचारतील, कारभारी, तुझ्या रसाचं काय? मी काय सांगू, मेहुणा ठेवा म्हणतो?

तुम्ही माझं मन राखायला लिहीत असाल तर तसं करू नका. बाग जाईल ती जाईल, पण आंबलेलं देवापुढे गेलं तर पाप माझ्या माथी. देव त्यांचा असला म्हणून काय झालं.

तीन बाटल्या पुन्हा पाठवतो आहे. दोरे तेच. एकेकीचं वेगळं लिहा. घाई करू नका, पण लवकर लिहा.

कारभारी


खर्डा
११ जानेवारी १९७१

दादांना रामराम.

तुमच्या सांगण्याप्रमाणे एकेक चाखली, मध्ये पाणी पिऊन.

पांढरा दोरा: आधी लिंबाची साल, मग कच्चा मध.

तांबडा दोरा: तिन्हींत ही उत्तम. गिळल्यावर खडीसाखर विरघळत राहते.

काळा दोरा: थोडी कोवळी आहे, पण मध आहे.

तिन्ही ठेवा. जिवाला एवढं लावून घेऊ नका. फादरांना सांगा, खर्ड्याच्या पुंजारामने पारखलं आहे.

पुंजाराम


कोल्हार
३० जानेवारी १९७१

पुंजाराम,

तांबड्या दोऱ्याच्या बाटलीत मी मीठ घातलं होतं. मुद्दाम घातलं. मोठा चमचाभर. मनात पाप आलं म्हणून घातलं आणि नंतर चार दिवस मला जेवण गेलं नाही. वाटलं, तुम्ही रागावून लिहाल, थट्टा करता का म्हणून, आणि मी माफी मागेन. माफीचं पत्र मी लिहूनही ठेवलं होतं.

तुम्हाला त्यात खडीसाखर लागली.

माझे स्वतःचे शब्द मलाच परत पाठवले असते तर ठीक होतं. तुम्ही तुमचेच जुने शब्द परत पाठवलेत, एकसष्ट सालचे. चाखलंत तरी का? की बाटल्या साळूबाईच्या कुत्र्यांना पाजल्यात?

सहा बुधले मी तुमच्या शब्दावर ठेवले आहेत. त्यांच्यावर माझी बाग आहे. तुम्ही असं का केलंत ते लिहा. नसेल लिहायचं तर नका लिहू.

कारभारी


खर्डा
१६ फेब्रुवारी १९७१

दादा,

चाखल्या होत्या. प्रत्येक वेळी चाखल्या. मला चव लागत नाही.

कडू गेल्याच्या दहाव्याला तुम्ही सगळे पंगतीला होता. ताटात लापशी होती. मी घास घेतला आणि ओला कागद चावल्यासारखं झालं. वाटलं, दुःखाने असेल, जाईल. गेलं नाही. मिरची खाल्ली तर डोळ्यांतून पाणी येतं, पण तोंडात मिरची नसते. मीठ तर लागतच नाही. जामखेडच्या डॉक्टरने जीभ पाहिली, घसा पाहिला. म्हणाला, "बाबा, वय झालं." मी म्हणालो, वय एका दिवसात होतं का? त्याने लाल गोळ्या दिल्या. त्या गोड होत्या का कडू, ते मला माहीत नाही.

बाबूला सांगितलं नाही. त्यांच्या पोटामागे त्यांना पळायला लागतं, त्यात हे कुठे. स्वयंपाकाला मीठ बोटांनी मोजून घालतो. कधी घातलं की नाही ते विसरतो आणि पुन्हा घालतो. साळूबाई एकदा कालवण मागायला आली आणि दारातच थुंकली. म्हणाली, "पुंज्या, समुद्र वरपायलास का रे?"

तुम्हाला का लिहिलं नाही ते आता लिहितो. तुमचं पत्र वर्षातून दोनदा येतं. एकदा बाटल्यांबरोबर, एकदा चाखणीचं विचारायला, म्हणजे दोन्ही वेळा चाखणीसाठीच येतं. चव गेली असं लिहिलं असतं, तर मग पत्र कशाला आलं असतं?

"ओता" लिहायला धीर झाला नाही. न कळता ओता म्हणणं मोठं पाप, न कळता ठेवा म्हणणं लहान, असं मी धरलं. चुकलो.

पुंजाराम


कोल्हार
१९ एप्रिल १९७१

पुंजारामास रामराम.

दोन महिने पत्र लिहिलं नाही. हंगाम होता.

झालं ते सांगतो. तुमचा भरवसा राहिला नाही, म्हणून चर्चच्या स्वयंपाकघरातल्या झुंबरबाईला तळघरात नेलं. ती त्यांच्यातलीच आहे, तिला रसाचं वावडं नाही. पासष्टच्या बरणीतला चमचाभर तिला दिला. तिने तोंड असं केलं की मला पुढे विचारायला नको झालं. तरी विचारलं.

"आण्णा, ह्ये काय पाजताय म्हातारीला? दात आंबलं की माजं!"

"सहासष्टचं बघ."

"पासष्ट काय नि सहासष्ट काय, सगळी एका आळीची. लोनच्याला द्या मला, कैऱ्या आल्यात. लई बेस व्हईल."

सहाही बरण्या तिने पाहिल्या. सत्तरची तेवढी "बरी" म्हणाली. ती काय, काल भरलेली.

मी कुठे चुकलो ते शोधतो आहे आणि सापडत नाही. सगळं नेमाने केलं. नैवेद्याला कोणी आधी तोंड लावत नाही, तसं बुधल्यालाही कधी लावू दिलं नाही. पहिल्या वर्षापासून दर बुधल्यामागे त्याच रसाची एक लहान चिनी मातीची बरणी वेगळी भरतो, चाखणीची. तिच्यातून दर वर्षी तुमच्या बाटल्या निघाल्या. चाखायला म्हणून बुधल्याचं मेण मी आजवर एकदाही फोडलं नाही. जो ओतला तोही नाक फिरवून, श्वास धरून ओतला, की वाससुद्धा घेतला असं होऊ नये. याहून जास्त सोवळं काय पाळायचं? तरी आंबलं. म्हणजे आमच्या मातीतच नाही ते. थोरले फादर उगाच मोठं बोलून गेले.

त्याच दिवशी गोरक्षनाथाला म्हणालो, वेल काढ. घड उतरून झाले होते, व्यापाऱ्याला दिले, रस केलाच नाही. तो म्हणाला, "आण्णा, मे म्हनलो हुतो ना मी. ते पुण्याचं फादर तर येऊ द्या." मी म्हणालो, त्यांना बोलावून आंबलेलं पाजू का? काढ म्हटलं ना. तो म्हणाला, "एक डाव झोपून उठा, मंग सांगा." मी झोपून उठलो आणि पुन्हा तेच सांगितलं. दोन दिवस लागले. पांगारेही काढले. खोडं गुऱ्हाळाच्या चुलवणात गेली. थॉम्पसनच्या काड्या जूनमध्ये येणार.

बघत उभा होतो. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं वाटलं, तेवढंच.

येत्या शुक्रवारी बुधले ओततो. तुम्हाला कळवायची रीत म्हणून कळवलं.

कारभारी


खर्डा
२३ एप्रिल १९७१

दादा, ओतू नका.

पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहितो आहे. आज शुक्रवारच आहे, तुमच्या हातात पडेपर्यंत तो टळून गेलेला असणार, तरी लिहितो.

मला वाटत होतं, चाखणी बुधल्यातली येते. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. कडू सांगायची, दादा नैवेद्याचं उष्टं होऊ देत नाही. मला वाटलं, तुम्ही बुधल्यातून आधी काढून घेता आणि मग बंद करता. वेगळी बरणी आहे हे ना तिने सांगितलं ना तुम्ही.

दादा, बरणी दर वर्षी उघडते. त्यातून काढता, तेवढी ती रिकामी होते, रिकाम्या जागेत वारा बसतो. ती आंबणारच. लोणच्याची रोज उघडायची बरणी आणि फडकं बांधून माळ्यावर ठेवलेली बरणी एकसारखी राहते का? मेणाच्या आत काय आहे ते बरणीला काय माहीत?

मी तेव्हा "दात शिवशिवले" लिहिलं ते खरंच शिवशिवले होते. पण ते बरणीचं होतं.

एक बुधला फोडा आणि झुंबरबाईला त्यातलं द्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण बरणीवरही ठेवू नका.

पुंजाराम


कोल्हार
२० मे १९७१

पुंजाराम दाजींना कारभारीचा रामराम.

तुमचं पत्र सव्वीस तारखेला आलं. तोपर्यंत शुक्रवार होऊन गेला होता. काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याही डोक्यात क्रम लागेल.

चर्चच्या मागे पेरूची झाडं आहेत, त्यांच्या आळ्यात ओतायचं ठरवलं. गोरक्षनाथाने पासष्टचा बुधला उचलून आणला. मी मेण खरवडलं, बूच काढलं आणि नेहमीप्रमाणे तोंड फिरवून उभा राहिलो. तो ओतू लागला. तेवढ्यात झुंबरबाई घागर घेऊन आली, लोणच्यासाठी. तिने धारेखाली हात धरला आणि तळवा चाटला.

"थांबवा! थांबवा वो त्येला!"

गोरक्षनाथाने बुधला उभा केला. निम्मा गेला होता.

मी म्हणालो, "काय झालं? विंचू आहे का?"

"आण्णा, ह्ये त्ये न्हाई."

"कोणतं ते?"

"मला पाजलं त्ये. ह्ये येगळंच हाय." तिने पुन्हा तळवा धरला. मग घागर खाली ठेवली आणि पेरूच्या बुंध्याशी बसली. मी म्हणालो, अगं बोल की, कशासारखं आहे? ती म्हणाली, "कसं सांगू? पयलं वाटतंय कायच न्हाई. मंग येतंय. आन् मंग येतच ऱ्हातंय." बराच वेळ गेला तरी ती म्हणत होती, "अजून हाय."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. आम्ही भरला तेव्हा तो पाण्यात लिंबू पिळल्यासारखा होता. आता कढवलेल्या तुपाच्या रंगाचा झाला आहे. आळ्यातली माती ओली होती. पेरूच्या झाडाने सहा वर्षांचं एका घोटात घेतलं.

बाकीचे बुधले फोडले नाहीत. तुमचं पत्र आल्यावर ते तीन वेळा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. वारा बसतो. ते मला माहीत होतं. थोरल्या फादरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, रसाचा वैरी वारा. ते मी बुधल्याला लावलं, बरणीला लावलं नाही. बरणी माझी होती, फादरांची नव्हती, म्हणून तिचा विचारच केला नाही.

सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. हे सगळे चांगले असतील. असतील की नव्हते, ते आता कळायचं नाही. मी श्वास धरून ओतले.

पुण्याचे फादर बारा तारखेला आले. फार म्हातारे आहेत, काठी घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरले. पासष्टचा उरलेला निम्मा झुंबरबाईने लहान बाटल्यांत काठोकाठ भरून बंद केला होता, त्यातला त्यांना दिला. ते पायरीवरच बसले. पेला हातात धरून बसून राहिले. नवे फादर दोनदा काही विचारायला गेले, त्यांनी हात वर केला. मग आपल्या मोडक्या मराठीत मला म्हणाले, "वेल कुठे आहेत?"

मी त्यांना रानात नेलं. ऊन होतं. त्यांना खड्डे दाखवले.

त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, उकडतंय म्हणून काढली. पण त्यांनी ती परत घातली नाही, रान सोडेपर्यंत हातातच ठेवली. विचारलं, एखादी काडी कुठे? मी म्हणालो, चुलवणात गेली. आसपास भोकरी कोणाकडे उरली नाही, आमची शेवटची होती. नवे फादर म्हणाले, कुठून तरी आणू, पुन्हा लावू. मी बाहत्तर वर्षांचा आहे. वेलाला रस धरायला चार वर्षं, रसाला दहा. मी हिशेब त्यांना सांगितला नाही, त्यांनीच मान खाली घातली.

करार झाला नाही. करायला बाग नाही. पाच बुधले आणि त्या बाटल्या चर्चच्या आहेत, सणाला उघडणार आहेत. गोरक्षनाथ माझ्याशी सांभाळून बोलतो. रोज विचारतो, "आण्णा, बरं हाय ना?" मी व्हय म्हणतो. रडू येत नाही. खड्ड्यांकडे पाहतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या रानात उभा आहे असं वाटतं.

आता दुसरं. तुमचं फेब्रुवारीचं पत्र काल पुन्हा काढलं. त्यातलं रसाचं आणि मिठाचं मी तेव्हा वाचलं होतं. बाकीचं वाचलं नव्हतं. डोळ्यांखालून गेलं होतं, पण वाचलं नव्हतं. कडू माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी आलो, दहाव्याला जेवलो, आणि परतीच्या गाडीत मला एकच घोर होता की आता बाटल्या कोण नेणार. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही तीन वर्षं तिकडे ओला कागद चावत होता आणि मी तुम्हाला लिहीत होतो की तंबाखू खाऊन चाखू नका.

तुम्ही चुकलात म्हणून सहा बुधले वाचले. तुमची जीभ चांगली असती तर तेही मी ओतले असते. याचं मला काय करावं ते कळत नाही. आभार मानावेत तर कशाचे मानावेत?

यापुढे माझ्याकडे तुम्हाला पाठवण्यासारखं काही नाही. चाखणी संपली. तरी पत्र लिहीत जा. वर्षातून दोनदाच असं नाही. काय जेवलात ते लिहा. चव नाही लागली तर नाही लागली असं लिहा, दुसरं काही लिहू नका.

कारभारी


खर्डा
३ जून १९७१

दादांना पुंजारामचा रामराम.

टपालवाल्याने पत्र दिलं आणि मी हात पुढे करून उभा राहिलो. तो म्हणाला, "एवढंच हाय बाबा, बाटली न्हाई." घरात येऊन वाचलं.

बाबू आणि सूनबाई ऊसतोडीहून परत आले आहेत. सूनबाईला जिभेचं सांगितलं. आता माझ्या ताटात मीठ ती वाढते.

आज ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा आणि कांदा. चव लागली नाही. दोन भाकरी खाल्ल्या.

पुंजाराम